मडमला करंट येईना

राहुरी,
रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय कृपाताईस,

धाकट्या भावाचा दोन्ही हातांनी सलाम. (त्यातल्या उजव्या हाताला पट्टी बांधलेली आहे, म्हणून अक्षर असं आलंय. दारूबिरू प्यायला लागलेलो नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? नाशिकची थंडी त्यांना सोसत नाही हे ठाऊक असून तू पहाटेच्या प्रार्थनेला चालत जातेस, असं आराधनाने कळवलं. तुला सांगणारा मी कोण, पण रिक्षाने गेलीस म्हणून प्रार्थना कमी ऐकू जाते असं काही नाही. आराधनाला आणि जावईबापूंना सलाम सांग.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. त्याचं असं आहे की मी फोन कानाला लावला की तुझी भावजय शॅरन समोरच्या खुर्चीत येऊन बसते आणि 'कुणाशी बोलताय? माझ्याबद्दल बोलताय का?' असं विचारत राहते. तिच्याबद्दलच बोलत असतो, त्यामुळे खोटं बोलावं लागतं. कागद-पेन घेऊन बसलो की मात्र तिला वाटतं मी पेपर तपासतोय. मग ती घरात चवड्यांवर चालते आणि चांगुणालाही भांडी हळू घासायला लावते. (चांगुणा म्हणजे तिच्या सोबतीला ठेवलेली बाई. सकाळी आठला येते, संध्याकाळी सहाला जाते. बडबडी आहे, पण जीव लावते.) तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं शरीर आहे ते. पेपर तपासणाऱ्या माणसाचा मान कसा राखायचा हे ते विसरलेलं नाही.

बाकी तिची प्रकृती म्हणशील तर उत्तम. जेवते, फिरते, स्तोत्रं सगळ्या कडव्यांसकट म्हणते. माणसं तेवढी एकेक करून पुसली जाताहेत. आधी शेजारचे गेले, मग सूनबाई गेली, मग नोहा, म्हणजे पोटचा मुलगा, पुण्याहून आला तर त्याला तिने 'बसा, सर येतीलच' म्हणून पाणी दिलं. नाताळानंतर माझा नंबर लागला. रोज नाही लागत. सकाळी सहसा मी मीच असतो. दुपारी चारनंतर मी कोण असेन ते सांगता येत नाही. परवा मी गॅस सिलिंडरवाला होतो, आणि रिकामी टाकी न नेल्याबद्दल मला बोलणी बसली.

तर आता मडमविषयी. तुला वाटत असेल, मडम कधीच भंगारात गेली. नाही गेली. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आठ वर्षं पडून होती. मिशनच्या बंगल्यातल्या मेमसाहेब चौऱ्याहत्तर साली मायदेशी जाताना पप्पांना ती गाडी देऊन गेल्या, तेव्हापासून आपल्या घरात गाडीला कुणी 'गाडी' म्हटलं नाही. पप्पा पाळक असूनही, सकाळी ती सुरू होईना की टोपी काढून तिच्यासमोर उभे राहायचे आणि 'मडम, उशीर होतोय' म्हणायचे, ते मला अजून दिसतं. माझ्या लग्नात पुणतांब्याच्या चर्चमधून शॅरनला आणलं ते मडममधूनच. तू मागे तिच्याशेजारी बसली होतीस आणि वाटेत सबंध पुडा लिमलेटच्या गोळ्या एकटीने संपवल्यास, याची शॅरनने पुढे चाळीस वर्षं आठवण काढली.

हल्ली रोज दुपारी चार वाजता ती पिशवी भरून दारात उभी राहते. पिशवीत एक साडी, कंगवा, आणि आपल्या घरात जिथे तिथे सापडतात त्या उपासनेच्या जुन्या पत्रिका. म्हणते, 'पुणतांब्याला जायचंय, आई वाट बघतेय.' तिची आई जाऊन बावीस वर्षं झाली. पहिल्यांदा तिने हे म्हटलं तेव्हा मी आपला शहाणपणा करून खरं ते सांगितलं. ताई, तिने आई गेल्याची बातमी त्या दिवशी नव्याने ऐकली आणि नव्याने रडली. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा पिशवी. त्यानंतर मी खरं बोलायचं सोडलं आणि 'गाडी बिघडलीय' एवढंच म्हणू लागलो. हे तिला पटायचं. मडम बिघडली म्हटल्यावर आपल्या घरात कुणाला का पटू नये? महिनाभर असं चाललं. मग एके दिवशी ती मला म्हणाली, 'महिना झाला, बिघडली बिघडली करताय. विज्ञान शिकवता ना मुलांना? मग दुरुस्त करा की.'

म्हणून ताडपत्री काढली. आत मांजरीची तीन पिल्लं आणि पप्पांची एक चप्पल निघाली. नवी बॅटरी आणून जोडली, पेट्रोल घातलं, किल्ली फिरवली. सेल्फ फिरला. इंजिन घर्र घर्र करून घसा खाकरत राहिलं, पण बोलेना. म्हणजे बॅटरीत दम आहे, पेट्रोल आहे, पण ठिणगी पडत नाही, असं माझं निदान. (ते बरोबर होतं. पुढे जे जे चुकलं ते या बरोबर निदानाच्या जोरावर चुकलं.) चौतीस वर्षं मी नववी-दहावीला फळ्यावर ही आकृती काढली आहे: बॅटरीची वीज कॉइलमध्ये जाते, तिथे तिचा जोर हजारो पटींनी वाढतो, तिथून ती डिस्ट्रिब्युटरकडे येते आणि तो पंगतीत वाढणाऱ्यासारखा चारही प्लगना पाळीपाळीने वाढत जातो. आकृती इतकी सुबक यायची की पोरं पुसायला तयार नसत. त्या आकृतीत एकच उणीव होती. तिच्यात हात घातला तर झटका बसायचा नाही.

मी प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनच्या पत्र्याजवळ धरलं आणि चांगुणाला म्हटलं, किल्ली फिरव. करंट येतो की नाही ते बघायची ही रीत. पकडीने धरायची असते. मी हाताने धरली. पहिल्यांदा काहीच झालं नाही, म्हणून मी निर्धास्तपणे वायर सारखी करायला गेलो, आणि तेवढ्यात त्या मरतुकड्या यंत्रणेत कुठून तरी एकदाच करंट आला. तो माझ्यातून गेला. हात झटक्यासरशी वर उडाला तो बॉनेटच्या बिजागरीवर, म्हणून ही पट्टी. तोंडातून जो शब्द निघाला तो मी पत्रात लिहू शकत नाही. चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी आहे मी. ओसरीवर शॅरन वाटाणे सोलत होती. ती चांगुणाला म्हणाली, 'आपल्या अंगणात हा कोण शिव्या देतोय? सर घरी नाहीत ते बघून आलाय. हाकल त्याला.' आणि चांगुणा हसत हसत मला हाकलायला लागली. मीही थोडा हसलो. मग शेडच्या मागे जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

यानंतरची माझी करामत ऐक. मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, आतला रोटर काढला (बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, तोच गोल फिरून चौघांना वीज वाढतो), स्वच्छ पुसला, खिशात ठेवला, आणि झाकण लावून टाकलं. रोटर खिशातच. गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर मंडळीतल्या आठ पुरुषांनी रविवारच्या कपड्यांत मडमला ढकललं. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि टाकीपासून फाटकापर्यंत, तीन वेळा. पाळकसाहेब स्वतः डाव्या दिव्यापाशी होते. ढकलता ढकलता एकाने इंजिन बदलायला सांगितलं, एकाने गाडी बदलायला सांगितलं. पाळकांनी शेवटी हात जोडून प्रार्थना केली आणि सगळे घामाघूम होऊन घरी जेवायला गेले. वाढप्याच घरी नसताना पंगत कशी जेवणार?

सोमवारी मी बिभीषणला बोलावलं. हा बिभीषण स्टँडमागे गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवतो. मूळचा जामखेडकडचा. आईबाप इथल्या कारखान्यावर ऊस तोडायला यायचे, त्यांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांवर, जाऊन शॅरन सुटीच्या दिवशी पोरांना शिकवायची, त्यातला हा. पुढे इथेच राहिला. आता कानशिलं पांढरी झालीत. आल्याआल्या त्याने ओसरीवर जाऊन शॅरनच्या पायांना हात लावला. 'बाई, वळखलं का? मी बिभीषण. कोपीवरला.' तिने ओळखलं नाही. नुसतं हसली आणि बसायला सांगितलं. तो खाली मान घालून म्हणाला, 'ऱ्हाऊ द्या, बाई. जरा पानी मिळंल का?' त्याबरोबर ती ताठ बसली. 'पानी नाही. पाणी. णच्या वेळी जीभ वर लाव. म्हण.' पन्नाशीच्या त्या माणसाने हातात पाना धरून तीन वेळा 'पाणी' म्हटलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा तिने त्याला आत जाऊन स्वतः तांब्या आणून दिला. बिभीषण पाणी न पिताच मडमकडे आला आणि बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून राहिला. बॉनेट तोवर उघडलेलंही नव्हतं पुरतं.

मग त्याने झाकण काढलं आणि विचारलं, 'सर, ह्येच्यातला रोटर कुठाय?'

मी सदऱ्याच्या खिशाला हात लावला. सदरा धुवायला गेला होता. चांगुणाला हाक मारली. ती म्हणाली, 'ते काळं बटन व्हय? साबनाच्या डब्यात ठिवलंय. मी म्हनलं सरांच्या कोटाचं आसंल.' इतका स्वच्छ रोटर तालुक्यात कुणाच्या गाडीत नसेल. बिभीषणने तो बसवला. बाईंचा नवरा म्हणून जे बोलायचं ते गिळलं असावं त्याने. मग त्याने वायरीला जोडलेला छोटा बल्ब काढून एकेक जागा तपासली. किल्लीपर्यंत वीज येते, कॉइलपर्यंत येते, पुढे मात्र जिथे दोन छोटे पॉइंट सारखे उघडतात-मिटतात तिथे येऊन अडते. ते पॉइंट जळून काळे झाले होते. पॉलिश पेपरने घासले, मधली फट बरोबर केली, जुन्या सामानातून शोधून एक कंडेन्सर बसवला. 'कॉइल बी म्हातारी हाय, सर,' तो म्हणाला. 'गरम झाली का रुसंल. लई लांब नेऊ नका.' किल्ली फिरवली आणि मडम सुरू झाली. ताई, तो आवाज! ओसरीवरून शॅरन म्हणाली, 'पप्पा आले वाटतं.' तिचे सासरे, आपले पप्पा. बिभीषणने मजुरी घेतली नाही, आणि मी आग्रह केला तर म्हणाला, 'बाईंनी मला सही शिकवली, सर.'

गुरुवारी सकाळी निघायचं ठरवलं. मुद्दाम सकाळ निवडली, कारण सकाळी मी मी असतो. चांगुणाने डबा भरला, शॅरनला निळी साडी नेसवली. मी खाकी स्वेटर घातला, मडम फाटकाशी आणली, इंजिन चालूच ठेवलं (बंद करायची हिंमत नव्हती) आणि मागचं दार उघडून उभा राहिलो. तीच चूक झाली असेल. स्वेटर, किंवा दार धरून उभं राहणं. पायरीवर ती थांबली.

'तुम्ही कोण?'

'मी दानीएल.'

'दानीएल माझ्या मिस्टरांचं नाव आहे,' ती शांतपणे म्हणाली. 'ते आले की निघू.' आणि पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

अर्धा तास मी दार धरून उभा होतो. लग्नाचा फोटो आणून दाखवला. फोटोतल्या मुलाला काळ्याभोर मिशा आहेत, मला काय आहे? ती फोटोकडे बघून म्हणाली, 'हेच. यांचीच वाट बघतेय.' शेवटी चांगुणाला राहवेना. ती म्हणाली, 'बाई, ह्ये डायवर हायेत. सरांनीच धाडलेत. सर फुडं गेलेत.'

'मग आधी सांगायचं नाही का?' असं मला म्हणून शॅरन उठली आणि मागे बसली. चांगुणा तिच्याशेजारी. अशा रीतीने गेल्या गुरुवारी, सत्तरीला एक वर्ष कमी असताना, मला ड्रायव्हरची नोकरी लागली.

रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मी मडमला हळू चालवत होतो. बेलापूर येईतो ती ट्रॉल्या मोजत होती. मग म्हणाली, 'बरं चालवता. आमचे मिस्टरही असंच चालवतात, चाळीसच्या वर जात नाहीत.' खरं तर गप्पच राहायला हवं होतं. पण ताई, अशी संधी किती नवऱ्यांना मिळते? मी आरशात बघत विचारलं, 'कसे आहेत तुमचे मिस्टर?'

'चांगले आहेत. बोलतात फार. मीठ संपलं म्हटलं तर मीठ कशाचं बनतं ते सांगत बसतात, आणायला जात नाहीत.' चांगुणा तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी म्हटलं, चला, स्वस्तात सुटलो. पण तिचं संपलं नव्हतं. खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली, 'आमची मोनिका गेली ना, तेव्हा ते ह्या गाडीत बसून रडायचे. शेडमध्ये. काचा वर करून. त्यांना वाटतं मला माहीत नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. मग ते तोंड धुऊन यायचे आणि मला म्हणायचे, देवाची इच्छा. मीही म्हणायची, हो. सांगू नका हं त्यांना.'

मोनिका आठ महिन्यांची होती, तुला आठवतच असेल. चौऱ्याऐंशीचा मार्च. एकेचाळीस वर्षं, ताई. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. मला वाटत होतं, मी त्या घरात खंबीर राहिलो म्हणून ती उभी राहिली. ती खिडकीत उभी राहून मला रडू देत होती. आणि हे मला कळलं ते ड्रायव्हर म्हणून. मी 'नाही सांगत' म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

श्रीरामपूर ओलांडून दहा-बारा किलोमीटर गेलो आणि मडम बंद पडली. ऊन डोक्यावर, दोन्ही बाजूंना ऊस. मी बॉनेट उघडलं. कॉइलला हात लावला तर तव्यासारखी. बिभीषणने सांगितलंच होतं. टॉवेल भिजवून कॉइलवर ठेवला आणि ती निवायची वाट बघत बसलो. शॅरन खाली उतरून रस्त्याकडेच्या मोरीवर बसली. तिने डबा उघडला, चार जागी वाढलं. एक वाटा मिस्टरांसाठी झाकून ठेवला, आणि एक माझ्यापुढे केला. 'उभ्याने नको. बसून खा. आमच्याकडे ड्रायव्हरला वेगळं बसवत नाहीत.'

मी बसलो. मेथीची भाजी होती. तिने विचारलं, 'घरी कोण कोण आहे?'

'बायको आहे.'

'काय करते?'

'शिक्षिका होती. आता बरी नसते.'

ती खायची थांबली. 'बरी नसते आणि तुम्ही आमच्यामागे रानोमाळ हिंडताय? तिच्याजवळ कोण?'

'आहे एक बाई.'

'बाई वेगळी. आपलं माणूस पाहिजे,' ती म्हणाली. 'दुखणं असलं ना की घर तेवढं ओळखीचं लागतं. जा तुम्ही घरी.' मग तिने झाकलेल्या वाट्याकडे पाहिलं आणि एकदम घाई करायला लागली. 'आमचेही घरी उपाशी बसले असतील. त्यांना गॅस पेटवता येतो, पण भाजी गरम होईतो धीर नसतो. चला, मागे फिरवा.'

पुणतांबा तिथून सात-आठ किलोमीटर. मी म्हटलं, 'बाई, आई वाट बघत असतील ना?'

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती वर्गात मूर्ख उत्तर देणाऱ्या पोराकडे बघायची. 'आई कधीच गेली हो,' म्हणाली. अजिबात रडली नाही. महिनाभर जे रोज तिच्यापासून लपवलं ते तिला ठाऊक होतं, आणि शेजारी बसून मेथीची भाजी खाणारा माणूस कोण हे ठाऊक नव्हतं. हे असं कसं होतं, ते नववी-दहावीच्या कुठल्याच आकृतीत नाही.

पाऊण तासाने कॉइल निवली. मडम एका फटक्यात सुरू झाली. मागे फिरवली. सबंध रस्ताभर शॅरन चांगुणाच्या खांद्यावर झोपली होती आणि मी पस्तीसच्या वर गेलो नाही. घरी आल्यावर तिने ड्रायव्हरला जाऊ दिलं नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सोनेरी काठाच्या कपात चहा दिला. (त्या कपातून मला चाळीस वर्षांत एकदाही चहा मिळालेला नव्हता. चांगला लागतो.) सारखी दाराकडे बघत होती. 'कसे आले नाहीत अजून?' मी म्हटलं, येतील. चहा संपवला, मागच्या दाराने बाहेर पडलो, हात-तोंड धुतलं, स्वेटर काढून दोरीवर टाकला, आणि घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत आलो.

'किती हा उशीर!' ती म्हणाली. 'तुमची भाजी ठेवलीय. आणि ड्रायव्हर चांगला मिळाला होता. गाडी बंद पडली तर मुकाट्याने दुरुस्त केली. तुम्ही असतात तर आम्हाला आधी कॉइल म्हणजे काय ते ऐकावं लागलं असतं.'

मी भाजी खाल्ली. थंडच खाल्ली.

एवढंच कळवायचं होतं. आमची काळजी करू नकोस, सगळं छान चाललंय. गुडघ्यांना जप.

तुझा,
दानीएल

ता. क. : नाशिकला जुन्या गाड्यांचं सामान मिळतं म्हणे. बारा व्होल्टची एक कॉइल आणि एक कंडेन्सर बघायला जावईबापूंना सांगशील का? बिभीषणने नंबर लिहून दिलाय, तो सोबतच्या चिठ्ठीवर आहे.

ता. क. २ : कॉइलसाठी कुणी एवढं लांब पत्र लिहितं का? ज्यासाठी बसलो होतो ते अजून लिहिलेलंच नाही. नाशिकच्या सिस्टर अशा विसरणाऱ्या माणसांना सांभाळतात, त्या घराबद्दल. येत्या शनिवारी शॅरनला तिथे आणून सोडतो, असं मी तुला फोनवर म्हटलं होतं. मडमच्या मागे मी लागलो तो त्यासाठीच. तिला भाड्याच्या गाडीतून तिथे न्यावं आणि ड्रायव्हरला 'थांब हं, सोडून येतो' म्हणावं, हे माझ्याने झालं नसतं. आपल्या गाडीतून नेली तर आपणच नेली असं तरी होईल, एवढाच विचार. पुणतांबा ही नुसती तालीम होती. तिथवर मडम चालली तर नाशिकही गाठेल, असा अंदाज. आता ते होणे नाही. तू चार-चार हेलपाटे घालून ती खिडकीची खोली मिळवलीस, तुझा राग मी मान्य करतो. पण सिस्टरांना तूच कळव, मला फोनवर बोलता यायचं नाही. किती दिवस झेपेल मला माहीत नाही. गेल्या महिन्यात ती एकदा भर दुपारी हमरस्त्यावर जाऊन उभी होती, हे मी तुझ्यापासून लपवलं होतं. कदाचित पावसाळ्यात मीच तुला लिहीन की खोली पुन्हा बघ. तेव्हा 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणू नकोस. नोहाला मी सांगेन. त्याला पटणार नाही.

ता. क. ३ : जमलं तर पंधरा दिवस येऊन राहा. ती तुला ओळखेलच असं नाही, मनावर घेऊ नकोस. बसायला सांगेल, पाणी देईल, आणि सोनेरी काठाचा कप तर नक्की मिळेल. स्टँडवर घ्यायला मी येईन. एस.टी.तून उतरलीस की लांबूनच 'दानू' म्हणून हाक मार. मोठ्याने मार, लोक बघेनात का. फार दिवसांत मला कुणी तशी हाक मारलेली नाही.